समुद्रात गेलेले पाणी वाया जाते काय?

पावसाळ्यात प्रवरेला पूर आला की कोल्हारच्या पुलावर माणसे जमतात. गढूळ पाण्याकडे पाहत कोणी तरी जाणता माणूस हमखास म्हणतो, “चाललं सगळं समुद्रात. वाया!” आणि सारेजण माना डोलावतात. माझे अण्णाही डोलावतात. भूगोलाच्या तासाला समुद्रविज्ञानाची तोंडओळख होईपर्यंत मीही डोलावीत होते. आता माझी मान हलत नाही. ती का हलत नाही, हे गुरुजनांपुढे व मित्रमैत्रिणींपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथमच कबूल करते की, मी अजून समुद्र पाहिलेला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा समुद्रावर लिहिण्याचा हिचा अधिकार तो काय, असे कोणी विचारील. परंतु समुद्र न पाहताच आपण सारे त्याच्यावर निकाल देतो, त्याचे काय? ‘वाया’ हा निकालच आहे.

आधी पाण्याची वाट पाहू. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा भंडारदरा आणि निळवंडे ही धरणे ओलांडून आपल्याकडे येते आणि प्रवरासंगमला गोदावरीस मिळते. तेथून पुढे पैठणचा नाथसागर. म्हणजे आपण ‘समुद्रात गेले’ म्हणतो ते पाणी आधी मराठवाड्याच्या तोंडी लागते. नाथसागर भरून सांडला तरच ते पुढे नांदेड, तेलंगण, आंध्र असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटरांच्या आसपास. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर पूर्वेकडे चालत जाते.

आता समुद्राकडे वळू. एक किलो समुद्रजलात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. अरबी समुद्रात बाष्पीभवन फार, म्हणून तेथे ते थोडे अधिक. उलट बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर पृष्ठभागावर हे प्रमाण ३० च्याही खाली उतरते. कारण नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी. गोडे पाणी हलके असल्याने ते खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखे पसरून राहते आणि खालचे थंड पाणी सहजासहजी वर येऊ देत नाही. सूर्याची उष्णता या पातळ थरात कोंडून राहते व पृष्ठभागाचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर टिकते. याच उबेवर ढग पोसले जातात. अरबी समुद्रात मात्र पावसाळ्यातील जोरदार वारे पाणी ढवळून काढतात आणि पृष्ठभाग थंडावतो. दोन समुद्रांतील हा फरक गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शेणॉय, शंकर आणि शेट्ये या शास्त्रज्ञांनी २००२ साली उष्णतेचा हिशेब मांडून दाखवून दिला.

उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात, तेव्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या आपल्या जिल्ह्यालाही पाऊस मिळतो. उत्तरा-हस्ताच्या ज्या पावसाकडे आपण आशेने पाहतो, त्याचा धागा कितीदा तरी त्या उपसागराशी जुळलेला असतो. अर्थात प्रवरेच्या पाण्याने उपसागर गोडा होतो, असे मी म्हणत नाही. त्या थरात मोठा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा आणि समुद्रावरच पडणाऱ्या पावसाचा. गोदावरीचा त्यामानाने लहान आणि प्रवरेचा तर ओंजळभर. पण प्रत्येक खोऱ्याने आपली ओंजळ मिटून घ्यायची ठरवली, तर हिशेब कोठे जाईल?

आणखी एक गोष्ट. नदी केवळ पाणी नेत नाही; खडकांतले क्षार आणि गाळही नेते. समुद्र खारा झाला तो बव्हंशी असाच, कोट्यवधी वर्षांत. आपल्या कालव्यांच्या पट्ट्यात पाणी अति झाले, निचरा झाला नाही, तेथे क्षार जमिनीतच राहिले आणि चांगली काळी राने क्षारपड झाली. समुद्राकडे जायचे ते शेतात साठले! तिकडे वाटेतल्या धरणांत गाळ अडल्याने गोदावरीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजतो आहे. पुराच्या पाण्याबरोबर समुद्रातून नदीत चढणारा पुलसा मासा आंध्रात केवढ्या कौतुकाने खातात. नदीचे पाणी समुद्राला भेटलेच नाही, तर तो चढणार कोठून?

कोकणातील पश्चिमवाहिनी नद्यांचे ‘वाया जाणारे’ पाणी गोदावरी खोऱ्यात वळवावे, ही मागणी आपल्याकडे जोरात आहे. मी तिच्या विरुद्ध नाही. दुष्काळात टँकरपुढे हंडे घेऊन मीही उभी राहिले आहे. माझे म्हणणे इतकेच की, त्या हिशेबात खाडीचा, तिवरांचा आणि कोळी बांधवांचा रकानाही असावा. तो रकाना ‘वाया’ या एका शब्दाने खोडला जातो.

हे सारे मी अण्णांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “आसंल बाई तुझं खरं. पण पाटाला पाळी आली नाही तर ऊस जळंल. मग तुझी फी कशातून भरू?”

या प्रश्नाला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. मी एवढेच म्हणाले, “अण्णा, रात्री बारे धरून आपण झोपतो आणि पाणी सरीबाहेर रस्त्यावर येतं, ते कुठं जातं?” ते काही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या काकांकडे ठिबकच्या खर्चाची चौकशी केली.

यंदा पूर आला की मी पुलावर जाणार आहे. कोणी ‘वाया’ म्हटले, तर अण्णा शेजारी असले तरी गप्प राहणार नाही. निदान ते पाणी कोठे जाते, एवढे तरी सांगेन.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला