डिस्क मेलेली नाही, वाटेत अडली आहे

घरच्या सर्व्हरला नवी डिस्क जोडली, व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) सुरू केलं, आणि आतल्या यादीत डिस्कचा पत्ताच नाही. ही तक्रार या सदराकडे इतक्या वेळा येते की आजची सगळी जागा तिलाच द्यायची आहे. तक्रार करणाऱ्याने बहुतेक वेळा निकालही लावून टाकलेला असतो: डिस्क खराब निघाली, बदलून आणायची. किंवा त्याहून वाईट म्हणजे जुनी, भरलेली डिस्क दिसत नाही म्हणून तिच्यावर एकामागून एक उपाय करून झालेले असतात. माझं म्हणणं असं की डिस्क बहुधा ठणठणीत असते. अडथळा असतो तो तिच्यापासून व्हर्च्युअल मशीनपर्यंतच्या वाटेवर. तो न शोधता घाईने केलेल्या उपायांत जो डेटा जातो, तो मात्र कायमचा जातो.

घरात सर्व्हर ठेवणारी माणसं गेल्या काही वर्षांत का वाढली, हे आधी सांगितलं पाहिजे. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजने अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि आपले फोटो आपल्याच घरी ठेवण्याचा विचार अनेक घरांत सुरू झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या ईएसएक्सआय या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीची फुकट आवृत्ती बंद केली. एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली, पण तोवर हौशी मंडळींपैकी पुष्कळ जण व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सकडे वळले होते. २००८ पासून चालत आलेली ही प्रणाली लिनक्सच्या कर्नलमधल्या केव्हीएमवर उभी आहे, आणि केव्हीएम कर्नलमध्ये आहे २००७ पासून. पाया जुना आणि भक्कम आहे. अडचण येते ती आपण त्यावर उभ्या केलेल्या मजल्यांमध्ये.

म्हणून शोध खालून वर न्यायचा. व्हर्च्युअल मशीनच्या आतून सुरुवात करायची नाही. सर्वांत आधी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये जा आणि डिस्क तिथे दिसते का पाहा. तिथेच दिसत नसेल तर प्रॉक्समॉक्सच्या सेटिंग्जमध्ये कितीही रात्री घालवल्या तरी उपयोग नाही.

या तळमजल्यावर काही कारणं पुन्हा पुन्हा भेटतात. अनेक मदरबोर्डांवर एम-डॉट-टू प्रकारची एसएसडी बसवली की त्याच बोर्डावरचे एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात, कारण दोघांना जाणाऱ्या मार्गिका एकच असतात. पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात, तक्त्याखालच्या टिपेत. दुसरं कारण वीजपुरवठ्याचं. साटाच्या ३.३ या आवृत्तीपासून डिस्कची वीज दुरून तोडण्याची सोय आली आणि त्यासाठी वीजजोडणीतली तिसरी पिन वापरली गेली. जुन्या पॉवर सप्लायमधून त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट सतत येत राहतात. अशी सोय असलेली डिस्क त्याचा अर्थ ‘बंद राहा’ असा घेते आणि फिरतच नाही. बाहेरच्या डब्यातून काढलेल्या मोठ्या डिस्कांमध्ये हा प्रकार हमखास दिसतो. तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन टेप चिकटवला किंवा मोलेक्सवरून वीज घेतली की डिस्क जागी होते. मोलेक्सचा अडॅप्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळेल. मात्र एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेला स्वस्तातला अडॅप्टर घेऊ नका. आत तारा एकमेकींना टेकून ते जळल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या दिसतात असाच घ्या.

डब्यातून काढलेल्या डिस्कचा आणखी एक धोका आहे. काही यूएसबी डबे आतल्या डिस्कचे ५१२ बाइटांचे सेक्टर बाहेरच्या संगणकाला ४०९६ बाइटांचे म्हणून दाखवतात. डबा असेपर्यंत सगळं ठीक चालतं. तीच डिस्क थेट साटाला लावली की पार्टिशनचा हिशेबच जुळत नाही आणि भरलेली डिस्क कोरी दिसते. डेटा जागच्या जागी असतो. पुन्हा त्याच डब्यात घालून तो आधी दुसरीकडे उतरवायचा, एवढंच करायचं. कंपन्यांच्या साठवण यंत्रांतून निघालेल्या वापरलेल्या सॅस डिस्कांत याची दुसरी बाजू दिसते. त्यांतल्या काहींचे सेक्टर ५२० बाइटांचे असतात. लिनक्स ती डिस्क ओळखतं, पण वापरू देत नाही. ती ५१२ वर नव्याने फॉरमॅट करावी लागते, आणि त्याला बरेच तास लागतात.

बायोसमध्ये डिस्क दिसली की होस्टवर यायचं, म्हणजे प्रॉक्समॉक्स ज्यावर चालतं त्या मूळ प्रणालीवर. कर्नलच्या नोंदी वाचा आणि स्मार्टचे, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल नोंदवलेले, आकडे पाहा. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर संशय आधी केबलवर घ्या. डेटा डिस्क ते कंट्रोलर या प्रवासात बिघडत असल्याची ती खूण आहे. ५ आणि १९७ हे आकडे वाढत असतील तर मात्र डिस्क खरोखरच थकत चालली आहे. फक्त याच परिस्थितीत मी ‘डिस्क बदला’ म्हणेन, आणि तेही आधी डेटा उतरवून.

होस्टला दिसते पण व्हीएमला दिसत नाही, ही खरी आजची गोष्ट. इथे घोडं पेंड खातं ते बहुतेकदा एका साध्या गोष्टीपाशी. डिस्क जोडण्याचा बदल प्रॉक्समॉक्सने लिहून घेतलेला असतो, पण अमलात आणलेला नसतो. साटा किंवा आयडीई म्हणून जोडलेली डिस्क चालू व्हीएममध्ये शिरू शकत नाही. माणूस मग व्हीएमच्या आत जाऊन रीस्टार्ट करतो, तरी डिस्क नाही. पुन्हा करतो, तरी नाही. कारण आतून केलेल्या रीस्टार्टने आतली प्रणाली नव्याने सुरू होते, तिला चालवणारी क्यूएमूची प्रक्रिया जुनीच राहते. व्हीएम पूर्ण बंद करून प्रॉक्समॉक्सच्या बाजूने पुन्हा सुरू करायची. हार्डवेअरच्या पानावर वेगळ्या रंगात अडकून राहिलेली ती ओळ मग नेहमीच्या रंगात येते आणि आत डिस्क हजर होते.

नावांचाही घोळ असतो. एसडीए, एसडीबी ही नावं लिनक्स दर वेळी सुरू होताना नव्याने वाटतं. आज एसडीबी असलेली डिस्क उद्या एसडीसी होऊ शकते, आणि व्हीएमला एसडीबी दिलेली असेल तर तिच्या हाती भलतीच डिस्क पडते. नेहमी ‘बाय-आयडी’ या फोल्डरातलं लांबलचक नाव द्यावं, ज्यात डिस्कचं मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. तरीही ट्रूनॅससारखी साठवणीची प्रणाली आत कुरकुर करते, कारण एक-एक डिस्क अशी पुढे दिली तरी आत पोहोचते ती ‘क्यूएमू हार्डडिस्क’ या नावाने, मूळ अनुक्रमांकाशिवाय. अनुक्रमांक नसलेल्या चार डिस्का ट्रूनॅसला एकाच डिस्कच्या चार प्रती वाटतात आणि त्या एकत्र करून साठवणीचा पूल बनवायला ती नकार देते. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक डिस्कपुढे अनुक्रमांक लिहिण्याची सोय आहे, २० अक्षरांपर्यंत. तो खरा, डिस्कच्या लेबलवरचाच लिहा. पुढे एखादी डिस्क बिघडली तर कॅबिनेटमधून कोणती बाहेर काढायची हे त्याच आकड्यावर ठरणार आहे.

विंडोजची कथा वेगळी पण थोडक्यात सांगण्यासारखी. वर्टआयओ प्रकारच्या डिस्कचा ड्रायव्हर विंडोजसोबत येत नाही, त्यामुळे इन्स्टॉल करताना यादी रिकामी दिसते. वर्टआयओ-विनची आयएसओ फाइल दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबा आणि व्हीआयओस्कझी हे फोल्डर दाखवा; ‘वर्टआयओ ब्लॉक’ निवडलं असेल तर व्हीआयओस्टोर. चालू असलेलं विंडोज साटावरून वर्टआयओवर न्यायचं असेल, तर आधी एक छोटी रिकामी वर्टआयओ डिस्क जोडून विंडोजला ड्रायव्हर बसवू द्या. थेट मुख्य डिस्कच बदलली तर निळा पडदा ठरलेला.

आता पूर्ण कंट्रोलरच व्हीएमला देण्याबद्दल. माझ्या मते ट्रूनॅस व्हीएममध्येच चालवायचं असेल तर हाच खरा मार्ग. एलएसआयच्या ९२११-८आय किंवा ९२०७-८आय यांसारखं डिस्का जोडण्याचं एचबीए कार्ड घ्यायचं, त्यावर डिस्का जशाच्या तशा पुढे देणारं आयटी मोडचं फर्मवेअर असल्याची खात्री करायची आणि सगळं कार्ड व्हीएमच्या ताब्यात द्यायचं. मग आतल्या प्रणालीला खऱ्या डिस्का, खरे अनुक्रमांक, खरे स्मार्ट आकडे मिळतात. यासाठी बायोसमध्ये इंटेलचं व्हीटी-डी किंवा एएमडीचं आयओएमएमयू चालू हवं, आणि जुन्या कर्नलवर इंटेलसाठी ते सुरू होतानाच वेगळं सांगावं लागतं. खरी परीक्षा गटांची. आयओएमएमयू उपकरणांचे गट पाडतं आणि अख्खा गटच पुढे देता येतो, त्यातलं एक उपकरण नाही. एएमडीच्या बी-४५०, बी-५५० यांसारख्या चिपसेटांवर साटा, यूएसबी आणि चिपसेटमागचे स्लॉट एकाच गटात सापडतात. अशा वेळी कार्ड थेट प्रोसेसरला जोडलेल्या स्लॉटमध्ये हलवून पाहा. गट जबरदस्तीने फोडणारा पॅच मिळतो, पण त्याने उपकरणांमधली सुरक्षेची भिंतही पोखरली जाते. ज्या यंत्रात घरचे फोटो आणि सातबाऱ्याच्या प्रती आहेत, त्यात मी तो वापरायला सांगणार नाही.

मदरबोर्ड बनवणाऱ्यांवर माझा इथे थेट आक्षेप आहे. गटांची रचना बहुतांशी बोर्डाच्या आराखड्यात ठरलेली असते, मग ती पुस्तिकेत छापायला काय हरकत आहे? ग्राहकाने आधी पैसे मोजायचे आणि मग कळून घ्यायचं, हा व्यवहार बरोबर नाही.

कंट्रोलर दिल्यावर त्याच्या डिस्का होस्टवरून नाहीशा होतात. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. फक्त एक पाहा: होस्टची स्वतःची बूट डिस्क त्याच कंट्रोलरवर तर नाही ना? असेल तर व्हीएम सुरू होताच होस्टच्या पायाखालची जमीन निघून जाईल आणि सगळं यंत्र गोठेल. शिवाय यंत्रात नवीन कार्ड किंवा एनव्हीएमई बसवलं की पीसीआयचे पत्ते सरकतात. काल एचबीएचा असलेला पत्ता आज नेटवर्क कार्डाचा होऊ शकतो. जून २०२३ मध्ये आलेल्या प्रॉक्समॉक्स ८ मध्ये उपकरणांना नाव देऊन ठेवण्याची सोय आली. मग पत्त्यावर दुसरंच उपकरण येऊन बसलं तर व्हीएम मुकाट्याने ते उचलत नाही, सुरू व्हायलाच नकार देते. ही सोय जरूर वापरा.

आता सर्वांत महत्त्वाचं. डिस्क दिसत नाही म्हणून माणूस ती होस्टवर उघडून पाहतो. तिच्यावर झेडएफएस या फाइल-प्रणालीचा पूल असेल तर प्रणाली इशारा देते की हा पूल याआधी दुसऱ्या यंत्रावर वापरात होता, तरीही हवा असेल तर जबरदस्तीचा पर्याय द्या. तो दिला जातो, पूल होस्टवर उघडतो, फोटो दिसतात, जीव भांड्यात पडतो. आणि मग व्हीएम सुरू केली जाते. आता एकाच पूलवर दोन प्रणाली लिहीत आहेत आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. एकाच वहीत दोन कारकुनांनी एकमेकांना न सांगता खतावणी करावी तसं होतं. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची बेरीज तपासतं, पण दोन मालकांपासून ते वाचवू शकत नाही. त्यासाठीचं ‘मल्टिहोस्ट’ हे संरक्षण मुळात बंद असतं. पूल यातून असा मोडू शकतो की नंतर कुठूनच उघडत नाही. विंडोज व्हीएममधला धोका याच जातीचा: अनोळखी डिस्क दिसली की ते ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करायचं का विचारतं, आणि उत्साहाने ‘हो’ म्हटलं जातं.

या सगळ्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. ज्यांच्याकडे दोन-तीन डिस्का आणि एक जुना डेस्कटॉप आहे, त्यांनी साठवण व्हीएमच्या आत नेऊच नये. प्रॉक्समॉक्सला झेडएफएस स्वतःला येतं. पूल होस्टवरच ठेवा आणि हलक्या कंटेनरमधून तो घरभर वाटा. ट्रूनॅसच हवं असेल तर त्याला स्वतंत्र यंत्र द्या, नाहीतर स्वतंत्र एचबीए कार्ड. एक-एक डिस्क पुढे सरकवण्याचा मधला मार्ग शिकण्यापुरता ठीक आहे. घरच्यांच्या आठवणी त्याच्यावर ठेवू नयेत.

या रविवारी, सगळं व्यवस्थित चालू असताना, एक काम करा. यंत्र बंद करून प्रत्येक डिस्कवरचा अनुक्रमांक कागदावर उतरवा, ती कोणत्या पोर्टला आहे ते पुढे लिहा आणि तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. आणि ज्या फाइली पुन्हा मिळणार नाहीत त्यांची एक प्रत या यंत्राबाहेर, शक्य असेल तर घराबाहेर ठेवा.