यंत्रकरवतीचा जीर्णोद्धार

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात येऊन धडकले आणि काही तासांच्या अवधीत पोफळीच्या बागाच्या बागा, पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले माड, रायवळ आंबे आणि फणस आडवे झाले, तेव्हा सर्वांत आधी निकड भासली ती रस्त्यावरचे खोड कापून वाट मोकळी करणाऱ्या साधनाची. कारण वाट मोकळी झाल्यावाचून रुग्णवाहिका पुढे सरकत नाही, विजेचे खांब उभारणारी माणसे गावात शिरू शकत नाहीत आणि शिधाही नाक्यावरच अडून राहतो. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकले, तेव्हाही हाच अनुभव आला. पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रकरवतीचे, गावातल्या भाषेत कटरचे, मोल त्या दिवसांत प्रत्येक वाडीला कळले. परंतु संकट ओसरल्यावर या यंत्राची जी वासलात लागते, तिच्याकडे लक्ष द्यावे असे कोणालाही वाटत नाही, याची खंत व्यक्त करण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

किनाऱ्यावरील एका ग्रामपंचायतीच्या कोठीत अशीच एक जुनी करवत रिकाम्या पिंपांच्या मागे पडलेली मी पाहिली. जडवस्तू नोंदवहीत तिच्यापुढे ‘नादुरुस्त’ असा शेरा होता, आणि तिचे निर्लेखन करून नवीन यंत्र खरेदी करण्याचा प्रस्ताव तयार होता. मात्र ती नादुरुस्त म्हणजे नेमकी कशी, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. स्कूटर दुरुस्तीत हयात घालवलेले एक वृद्ध मिस्त्री गावात होते. त्यांना विनंती केली, तेव्हा ते पान्यांची पिशवी घेऊन आले. टाकीचे झाकण उघडताच व्हार्निशसारखा उग्र दर्प आला. इंधनाची नळी बोटांनी दाबताच तिचे तुकडे पडले. सिलिंडरच्या पंखांमध्ये भुसा आणि तेल यांचा असा घट्ट थर बसला होता की तो स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढावा लागला. मिस्त्रींनी प्लग काढून त्याला टोपी जोडली, त्याची कड सिलिंडरला टेकवली आणि दोरी ओढली, तशी निळी ठिणगी स्वच्छ दिसली. मग सायलेन्सर उतरवून त्यांनी धुराच्या भोकातून पिस्टनवर विजेरीचा झोत टाकला. पिस्टनवर उभे ओरखडे असते, तर तेलाशिवाय नुसत्या पेट्रोलवर यंत्र चालवल्याची ती खूण ठरली असती आणि खर्चाचा विचार निराळा करावा लागला असता. पण पिस्टन गुळगुळीत होता. “हिला काही झालेलं नाही हो साहेब, उपाशी आहे ती,” एवढेच ते म्हणाले.

त्यांचे निदान अक्षरशः खरे होते. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा असतो. करवत मात्र आडवी-तिरपी, प्रसंगी उलटीसुद्धा धरावी लागते, म्हणून तिच्यात ते काम पातळ पडदे करतात, आणि त्यांपैकी एक पडदा इंजिनाच्याच पोटातील दाबाच्या चढउताराने हलून टाकीतील पेट्रोल वर ओढतो. पेट्रोल तसेच साचून राहिले की त्याचा चिकट साका सूक्ष्म छिद्रांत बसतो आणि पडदा ताठर होतो. मग दोरी कितीही ओढा, इंधन वर चढत नाही. त्यातच आता पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. आपल्या ऊस उत्पादकाला त्याचा लाभ होतो, तो झालाच पाहिजे. तथापि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि जुन्या यंत्रांतील रबराला ते मानवत नाही, हेही तितकेच खरे असल्यामुळे कोकणच्या दमट हवेत टाकी भरलेली ठेवून यंत्र कोठीत टाकणे म्हणजे त्याचा हेतुपुरस्सर नाश करणे होय. नळी, फिल्टर आणि पडद्यांचा संच बदलला, एक लिटर ताज्या पेट्रोलला ४० मिलिलिटर टू-टी तेल मिसळले, आणि काही हिसक्यांनंतर करवत आधी खोकली, मग धूर सोडत सुरू झाली. नव्या यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च अगदीच किरकोळ होता. विलंब लागला तो पडद्यांसाठी, कारण ते तालुक्याच्या गावी न मिळाल्याने पुण्याहून मागवावे लागले.

साखळीची हकीकतही अशीच. अमेरिकेतील ऑरेगनच्या जंगलात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने, लाकूड पोखरणारी अळी आपल्या जबड्याने डावी-उजवीकडे कशी कातरत जाते याचे १९४६ साली निरीक्षण केले आणि तिच्या धर्तीवर जे दाते घडवले, त्यांचेच वंशज आजच्या बहुतेक करवतींवर आहेत. त्यांना धार लावण्यास एक गोल कानस आणि शिकलेला हात पुरतो. धारदार साखळी लाकडाच्या ढलप्या उडवते, बोथट साखळी पिठासारखा भुसा पाडते. पण ही खूण ठाऊक नसलेला मनुष्य यंत्रावर जोर देत राहतो आणि अखेर दोष इंजिनाला देतो.

मला दुःख होते ते या विद्येविषयीच्या अनास्थेचे. चेतक आणि लुना ज्या काळी घरोघरी होत्या, त्या काळी टू-स्ट्रोक इंजिनाच्या नाडीपरीक्षेत निष्णात असलेले मिस्त्री महाराष्ट्राच्या प्रत्येक बाजारपेठेत होते. आज ते वृद्ध झाले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकण्यास कोणी येत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा मिस्त्रींना मानधन देऊन सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्याकडून लहान इंजिनांचा एक अल्प मुदतीचा अभ्यासक्रम चालवावा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि ज्या चार क्षेत्रांना अग्रक्रम दिला, त्यांत शेतीची अवजारे आहेत; परंतु सुटा भाग तालुक्यात मिळत नसेल, तर तो हक्क शेतकऱ्याच्या पदरात पडला असे कसे म्हणावे?

प्रत्येक जुनी करवत पुन्हा चालवावीच, असे माझे म्हणणे नाही. जिला साखळी तत्क्षणी थांबवणारा ब्रेक नाही, ती कामावर काढू नये. आणि वादळात पडलेल्या झाडाची दबलेली फांदी कापताच केवढ्या वेगाने उसळते, हे न शिकवता, पायांत चपला घातलेल्या तरुणाच्या हाती करवत देणे हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. प्रशिक्षण, शिरस्त्राण आणि जाड बूट यांचा खर्च दुरुस्तीच्या खर्चातच धरला पाहिजे.

म्हणून शासनाकडे मागणी इतकीच की खरेदीच्या प्रत्येक मंजुरीबरोबर वार्षिक देखभालीची स्वतंत्र तरतूद असावी, हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र ठेवल्याची नोंद त्या जडवस्तू नोंदवहीतच व्हावी, आणि पावसाळ्यापूर्वी तहसील कचेरीत आपत्ती निवारणाची जी बैठक भरते, तिला किनारपट्टीच्या प्रत्येक ग्रामसेवकाने आपली करवत बरोबर आणून ती सर्वांसमक्ष सुरू करून दाखवावी. जी सुरू होणार नाही, तिच्या दुरुस्तीची रक्कम तेथल्या तेथे मंजूर व्हावी.