औक्षणाला दुसऱ्याचा हात

वाढदिवस हा एकट्याने साजरा करण्याचा प्रसंग नव्हे. पाट मांडावा, कुंकू-अक्षता लावाव्यात, अंगठी आणि सुपारी ओवाळून मग निरांजनाने औक्षण करावे, ही मराठी घरांतील रीत. तिला खर्च जवळजवळ नाही; अट मात्र एक आहे. ओवाळणारा हात दुसऱ्याचा हवा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील कितीतरी मध्यमवर्गीय घरांत आज हीच अट पुरी होणे अवघड झाले आहे. ओवाळणारे हात कॅलिफोर्नियात, टोरांटोत किंवा मेलबर्नला आहेत.

परदेशी गेलेला मुलगा वाढदिवसाच्या दिवशी एकटा पडला असेल, अशी हळहळ अशा घरांतून ऐकू येते. ती अगदीच निराधार नाही. पण चित्राची दुसरी बाजूही आहे. मराठी माणसाने परदेशात गोतावळा उभारला आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलल्यावर सुशिक्षितांचा ओघ तिकडे वळला. १९६९ साली शिकागोत मंडळ निघाले आणि १९८१ साली उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. तेथे वाढदिवस जवळच्या शनिवारी होतो, चार कुटुंबे चार पदार्थ करून आणतात आणि रक्ताचे नाते नसलेली मावशी मुलाला ओवाळते. गोतावळा जोडल्यावाचून तेथे गत्यंतरच नव्हते.

इकडे मात्र गत्यंतर आहे असे समजून कोणी काही उभारले नाही. उलट होते तेही विरले. चाळी आणि तीन मजली सोसायट्या पाडून मनोरे उभे राहिले, दारे बंद झाली, शेजारी पांगले. मुलुंडच्या घरात संध्याकाळी सात वाजता निरांजन लावावे, तेव्हा हिवाळ्यात कॅलिफोर्नियात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. पडद्यावर नातवंडाचा झोपाळू चेहरा दिसतो, दारात केक येतो, तो आणणारा निघून जातो. मग दोन माणसांत तो केक कापायचा. आणि दोघांपैकी एक गेल्यावर?

पैशाने हे भरून निघते काय? रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २० टक्क्यांहून अधिक, म्हणजे सर्व राज्यांत पहिला होता. तो सगळा आईवडिलांसाठी येत नाही, हे उघड आहे. जो येतो त्यातून औषधे, कामाची बाई, लिफ्टचा वर्गणीभार निभावतो, हेही नाकारता येत नाही. परंतु पैसा सेवा विकत घेतो, सोबत विकत घेत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात केकची किंमत धरली जाते. शेजारणीने आणलेल्या खिरीची धरली जात नाही. उणीव नेमकी त्या खिरीची आहे.

मुलांना कृतघ्न ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. व्हिसाची मुदत, रजेची टंचाई, तेथील मुलांच्या शाळा या अडचणी खऱ्या आहेत. तथापि आपल्याकडे वाढदिवस तिथीनेही होतो आणि तारखेनेही. दोन्ही क्वचितच एका दिवशी येतात. मग मुले येतील तेव्हा तिसरा दिवस धरण्यात अशुभ ते काय? साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन ही वर्षे तर जन्मापासूनच ठाऊक असतात. घरासाठी वीस वर्षांचे हप्ते आखणाऱ्यांना या तीन रजा आखणे अशक्य नसावे.

उरलेल्या वर्षांचे काय? ती जबाबदारी इथल्यांची. काही ज्येष्ठ नागरिक संघ महिन्याभरातील वाढदिवस एकत्र साजरे करतात. तोच पाठ सोसायट्यांनी गिरवावा. पुनर्विकासाचा करार करताना वाहनतळाच्या जागेसाठी सभा रात्री उशिरापर्यंत रंगतात. बसण्या-जेवण्याच्या सामाईक दालनासाठीही कोणी तेवढाच आग्रह धरावा. आणि दालन होईपर्यंत समोरचे दार ठोठावण्यास कोणाची परवानगी लागत नाही. शिकागोत परक्याची मावशी होऊ शकते, तर बोरिवलीत समोरच्या घरातील आजींना ओवाळायला आपले हात का पुढे होऊ नयेत?