उरलेली लोकर, उरलेला वेळ?

शिरड शहापूरच्या बैठकीत एका मैत्रिणीने पिशवीतून कानपट्टी काढली. पोराच्या स्वेटरमधून उरलेल्या लोकरीची, मधोमध सुरेख पीळ. "झटपट होते हो," ती म्हणाली. एका दुकानदाराने तिला पंधरा रुपये देऊ केले होते. का, तर लोकर उरलेलीच होती ना!

या 'झटपट'चा हिशेब आम्ही तिथेच मांडला. वीस टाक्यांची पट्टी, डोक्याभोवती बसायला शंभरावर ओळी. म्हणजे दोन हजारांहून जास्त टाके. दर सहाव्या ओळीला मधल्या सहांपैकी तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग ते धरलेले तीन. एकदा चुकलं की पीळ उलटा पडतो आणि उसवावं लागतं. हात बसलेल्या बाईलाही तीन तास लागतात. तासाला पाच रुपये! लोकर उरलेली होती, कबूल. पण तिचे तीन तास कुठून उरले?

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषाची ८८. त्यात शेतातली मजुरी धरलेलीच नाही. तरी आपल्याच प्रशिक्षण वर्गांच्या पत्रकांवर आपण बिनदिक्कत छापतो, 'फावल्या वेळात कमाई'. मीही छापलंय. गोधडीचंही हेच: जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर ओळीने धावदोरा, आणि भाव विचारला की उत्तर येतं, चिंध्यांचीच तर आहे.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याने मालकाचा माल घरी नेऊन काम करणाऱ्यांनाही कामगार मानलं होतं. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यामागे 'सेवा'चा मोठा रेटा होता. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आणि लोकर स्वतःची असली की बाई कामगारही उरत नाही. तिला 'उद्योजिका' म्हणायचं, म्हणजे मजुरीचा प्रश्नच मिटला!

"खुरपायला गेलं तर निदान तास तरी मोजतात," मागे बसलेली एक आजी म्हणाली.

म्हणून गटाच्या वहीत आता एक नवा रकाना आखलाय: तास. वस्तूचा भाव त्यावरून, लोकरीचे पैसे वेगळे. पहिली नोंद त्या कानपट्टीचीच आहे, उसवण्यासकट साडेतीन तास. दुकानदाराला वही अजून दाखवलेली नाही. पुढच्या बाजाराला तिघीजणी मिळून जाणार आहेत.