विकासाच्या गणितात बाई कुठे?



रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं काम सुरू आहे. रस्ता आला की धंदे येतील, तरुण गावातच राहतील, असं पुन्हा सांगितलं जातंय. म्हणून मागचा हिशोब तपासायला हवा.

१९९८ साली रोहा ते मंगळूर कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आशा तेव्हाही हीच होती. पुढे २००१ ते २०११ या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गातही घट झाली. याचं खापर रेल्वेवर फोडता येणार नाही. गिरण्यांच्या काळापासून कोकणातला माणूस मुंबई गाठतोच आहे. पण नुसत्या रुळांनी तो थांबला नाही.

यात नवल नाही. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९१ साली गणिताने दाखवलं, की वाहतूक स्वस्त झाली की उद्योग आधीच सबळ असलेल्या भागात एकवटू शकतात. रस्ता दोन्हीकडे जातो. माल आणि माणसं कुठल्या दिशेने जातील, हे रोजगार कुठे आहे त्यावर ठरतं.

अशा गणितांत बाई दिसत नाही. मजूर हलला, एवढंच दिसतं. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. हा आकडा स्त्रीच्या सन्मानाचा नाही, पुरुषांच्या गैरहजेरीचा आहे. मागे राहिलेली बाई भात लावते, गुरं आणि म्हातारी माणसं सांभाळते. मुंबईतला तुटपुंजा पगार पुरतो, तो तिच्या या बिनपगारी कामावर. पण रस्त्यात जमीन गेली की भरपाई मिळते सातबाऱ्यावरच्या नावाला. ते नाव बहुधा नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं असतं.

माझा रस्त्यांना विरोध नाही. बाळंतिणीला वेळेवर दवाखान्यात पोचवणारा रस्ता आपल्यालाच हवा आहे. पण आखणीआधी गावातल्या बायकांची ग्रामसभा घ्या. त्यांचं काम, पाणी आणि जळण कुठून येतं, याची नोंद करा. भरपाई दोघांच्या नावे द्या. आणि महामार्गाच्या बरोबरीने वाडीपर्यंत एसटी पोचवा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

नकाशा पक्का होण्याआधीच हे प्रश्न विचारूया. आपल्या तालुक्यात काय घडतंय, ते जरूर कळवा.