राणीच्या बागेत मुलांना नेताना

दिवाळी आटोपली, फराळाचे डबे तळाला गेले आणि शाळा उघडण्यास आठवडा उरला, म्हणजे भरल्या घरात एक प्रश्न हटकून निघतो : मुलांना न्यावे कोठे? मुंबईकरांचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. भायखळ्याची बाग १८६२ साली लोकांस खुली झाली, १८९० साली तीत प्राणिसंग्रहालयाची भर पडली. तिचे नाव आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे असले, तरी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ती राणीची बागच आहे. तेथे कसे जावे व कसे पाहावे, याविषयी चार शब्द लिहावे असे बरेच दिवस आमच्या मनात होते.

बहुतेक मंडळी तेथे जातात ती जणू हजेरीपट घेऊन. वाघ झाला, अस्वल झाले, पेंग्विन झाले, चला पुढे! दोन तासांत सारी बाग पायांखालून जाते, आणि घरी आल्यावर मुलाला विचारावे तर त्याला आठवते ती दाराबाहेरची कुल्फी. आमचे मत असे की, एका फेरीस तीनचार प्राणी पुरेत. मात्र त्या प्रत्येकापुढे निदान पाव तास उभे राहावे.

पाणघोड्याचेच पाहा. लोक येतात, पाण्यावर काळी पाठ दिसली तर 'तो बघ' म्हणतात, न दिसली तर कुरकुरत निघून जातात. मुलांस तेथे थांबवावे व मनात आकडे मोजावयास सांगावे. पाण्याखाली तो नाकपुड्या मिटून घेतो आणि साधारण तीन ते पाच मिनिटांनी श्वासासाठी वर येतो. कोणाचा अंदाज बरोबर ठरतो याची पैज लागली म्हणजे सात मुलांचा तांडाही चित्रासारखा उभा राहतो. मग 'हा दिवसभर पाण्यात का बसतो?' हा प्रश्न आपोआप येतो. उन्हात त्याची कातडी फार लवकर कोरडी पडते, हे त्याचे उत्तर. त्याच्या अंगावर तांबूस द्रव पाझरतो. पाहणाऱ्यास वाटते रक्त आले. पण ते रक्त नव्हे व घामही नव्हे, उन्हापासून कातडीचे रक्षण करणारा तो लेप आहे. मगर तासन्‌तास जबडा उघडून पडलेली दिसते, ती रागावलेली नसते. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याची तिची ती रीत आहे.

वाघाच्या बाबतीत मात्र निराशेची तयारी घरूनच करून न्यावी. वाघाचा वावर मुख्यतः पहाटे व तिन्हीसांजेस, रात्री. दुपारी तो झोपतो. तो झोपलेला पाहून काचेवर थापा मारणारे, शिट्ट्या घालणारे, शेंगदाणे फेकणारे लोक आपणांस भेटतील, आणि खेदाची गोष्ट ही की त्यांत सुशिक्षित दिसणारे पुष्कळ असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नंतर घातलेल्या कलमान्वये संग्रहालयातील प्राण्यास डिवचणे, खाऊ घालणे, गोंगाटाने त्रास देणे हा गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा मुले आपल्या काकाच्या हाताकडे पाहतात. काकाने थाप मारली की पुतण्या मारणारच.

पेंग्विनविषयीही आधी थोडे सांगावे. २०१६ साली ते सोल येथून आणले, २०१७ च्या मार्चात लोकांस पाहावयास मिळाले. मुलांच्या मनात बर्फाचे डोंगर असतात आणि येथे बर्फ दिसत नाही, म्हणून ती हिरमुसतात. वस्तुतः हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. तेथील भूमी बव्हंशी ओसाड, रखरखीत. समुद्राचा प्रवाह तेवढा थंड. आदल्या रात्री नकाशा उघडून तो किनारा बोटाने दाखवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी मूलच शेजारच्या अनोळखी गृहस्थास ते समजावून सांगते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी हाती घेतली ती. आमच्या पुतण्याची मुलगी सहा वर्षांची आहे. वाघाच्या काचेपुढे बराच वेळ उभी राहून तिने विचारले, "आजोबा, याला घरी कधी सोडतात?" आम्ही काही बोलण्यापूर्वीच तिच्या आत्याने, "रात्री सोडतात हो बाळ," असे सांगून तिला पुढे ओढले. हेतू चांगला, पण असे करू नये. मुलाच्या मनातील सर्वांत खरा प्रश्न तोच असतो, आणि त्यालाच आपण खोट्याने वाटेला लावतो. आम्ही तिला परत काचेपाशी नेले व सांगितले की, हा येथेच राहणार. जो वाघ माणसांच्या हातावर वाढला त्यास शिकार शिकविणारी आई मिळालेली नसते. रानात सोडला तर तो उपाशी मरेल किंवा गावात शिरेल. तिने विचार केला आणि पुन्हा विचारले, "हे त्याला कोणी सांगितले का?" याचे उत्तर आम्हांजवळ नव्हते.

मोठ्या मुलांपुढे दोन्ही बाजू मांडाव्या. नद्यांतून नाहीसे होत चाललेले घडियाल १९७५ पासून अंडी उबवून, पिले बंदिवासात वाढवून चंबळेत सोडले गेले, हे संग्रहासारख्या जागांचे खरे कार्य. त्याचबरोबर, पिंजऱ्यात एकाच वाटेने येरझारा घालणारा प्राणी दिसला, तर 'बघ कसा खेळतो' असे म्हणू नये. कोंडलेपणाने जडलेली ती खोड असते, आणि दहा वर्षांच्या मुलास हे कळते.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. बाग बुधवारी बंद असते. रविवारी ती उघडी असून नसल्यासारखीच, इतकी गर्दी. दार उघडताच आत जावे, उन्हे चढण्यापूर्वी बाहेर पडावे. घरून पोटभर खाऊन निघावे व डबा परतीच्या वाटेवर सोडावा; प्लास्टिकची पिशवी हरणाच्या पोटात गेली तर ते मरते. दोन मुलांमागे एक मोठे माणूस नेमावे, आणि ती नावे घरीच ठरवावी, कारण 'सगळ्यांचे लक्ष आहे' याचा अर्थ कोणाचेच नाही असा होतो. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव व दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. सर्वांत धाकटे मूल आजीबरोबर द्यावे. दोघांची चाल एक असते आणि दोघांनाही घाई नसते.

आजीस झाडे दाखवावयास विसरू नये. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच, ब्रह्मदेशाची उर्वशी, आणि शिवलिंगावर नागफणा धरावा तसे फूल येणारा कैलासपती, एवढ्यांसाठीही ही बाग पाहावी.

पुण्याच्या वाचकांस कात्रज जवळ. पेशवे उद्यानातील प्राणी १९९९ च्या सुमारास तेथे गेले. तेथे चितळ व काळवीट दोन्ही पाहून मुलांस शिंगांतील फरक विचारावा. चितळाची फाटे फुटलेली शिंगे भरीव असतात व दर वर्षी गळून नवी येतात. काळविटाची पोकळ असतात व जन्मभर टिकतात. संस्कृत शिकणारी मुले बरोबर असल्यास हेही सांगावे की 'मृग' म्हणजे केवळ हरिण नव्हे, रानातला कोणताही पशू. म्हणूनच सिंह मृगेंद्र आणि वानर शाखामृग.

भायखळ्यास परतताना मुलांस एक हत्ती अवश्य दाखवावा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे, दगडाचा. मूळचा घारापुरीचा, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा म्हटले. १८६४ साली त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला तेव्हा उचलताना तो फुटला. तुकडे भायखळ्यास आले व १९१४ साली पुन्हा जोडले गेले. दिवसभर दाबून ठेवलेला आवाज मुलांनी येथे खुशाल मोकळा करावा. या हत्तीची काही तक्रार नाही.