नळाला येणाऱ्या पाण्याबद्दल नगर परिषदेस सादर मागणीपत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष आणि मा. मुख्याधिकारी,
नगर परिषद

विषय : पाण्याचे काठिण्य आणि शुद्धता घरातल्या नळावर तपासून जाहीर करण्याबाबत, तसेच बोअरचे पाणी थेट वाहिनीत सोडणे बंद करण्याबाबत.

महोदय,

उन्हाळा लागला की शहरातल्या बऱ्याच घरांत तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही शिजत नाही. साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर आणि सोलरच्या नळ्यांत पांढरा थर चढतो. कारण गावात सर्वांना ठाऊक आहे. धरणाचे पाणी पुरेनासे झाले की पालिकेच्या बोअर सुरू होतात आणि ते पाणी त्याच वाहिनीतून त्याच नळाला येते. तक्रार नेली की एकच उत्तर मिळते : ‘पाणी नियमात बसते.’ हे उत्तर आम्हाला का मान्य नाही आणि त्याऐवजी काय हवे, ते येथे मांडत आहोत.

नियमापासूनच सुरुवात करू. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक १०५०० (२०१२) सांगते की एकूण काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. ६०० चा आकडाही त्याच तक्त्यात आहे, पण तो दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तेव्हापुरता. पालिका नेहमी हा ६०० चा आकडा पुढे करते आणि त्याची अट सांगत नाही. आपल्याकडे धरणाचे पाणी हा दुसरा स्रोत आहे. तो काही महिने अपुरा पडतो, पण आटलेला नसतो. म्हणून आपल्या शहराला लागू होणारे उद्दिष्ट २०० आहे, आणि त्यापासून किती दूर आहोत व का आहोत याचा हिशेब पालिकेने द्यायला हवा. ६०० म्हणजे काय, तेही सांगतो : घरावरच्या हजार लिटरच्या टाकीत सहाशे ग्रॅम चुनखडीइतका क्षार.

हा क्षार कोणी मिसळलेला नाही. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवत जाते. जितके खोल आणि जितका काळ ते दगडात मुरते, तितके ते जड होते. दर दुष्काळात बोअर आणखी खोल जाते, म्हणून दर दुष्काळानंतर पाणी आणखी जड लागते. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी, गाळण आणि क्लोरीन या तीन पायऱ्या आहेत. त्यांनी गढूळपणा जातो, जंतू मरतात, पण क्षार जसेच्या तसे राहतात. त्यातही बोअरचे पाणी केंद्रात न नेता थेट वाहिनीत सोडले जाते, तेव्हा त्याला क्लोरीनही मिळत नाही. आमचा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे.

काठिण्याने मुतखडा होतो, असे गावात सर्रास बोलले जाते. आम्ही या पत्रात तसा दावा करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने काठिण्यासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही कमाल मर्यादा ठरवलेली नाही. धोका दुसऱ्या वाटेने येतो. पाणी मचूळ लागते, म्हणून लोक नळाचे पाणी पिणे सोडतात आणि थंड पाण्याचा जार विकत घेतात. जारमधले पाणी कुठल्या बोअरचे, ते गाळल्यावर त्याचे निर्जंतुकीकरण झाले का, जार कशाने धुतला, हे विचारण्याची सोय नसते. म्हणजे जे निर्जंतुक करण्याची कायदेशीर जबाबदारी पालिकेवर आहे ते पाणी भांडी घासायला, आणि ज्याची हमी कोणीच देत नाही ते लेकरांना प्यायला, अशी उलटी व्यवस्था झाली आहे. ज्यांना परवडते ते घरी आरओ बसवतात आणि एक लिटर पाण्यासाठी दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतात. टंचाईच्या गावात हे पाणी आपण रोज गमावतो. ज्यांना जार आणि आरओ दोन्ही परवडत नाही, त्यांच्यासाठी नळ हाच एक पर्याय आहे. हे मागणीपत्र प्रथम त्यांच्यासाठी आहे.

पहिली मागणी, आणि बाकी सर्व मागण्यांचा पाया : पाणी तपासा ते घरातल्या नळावर. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अहवाल आम्ही पाहिला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण केंद्र ते शेवटचे घर या वाटेत जुन्या वाहिन्या आहेत, गटारीला खेटून गेलेले जोड आहेत आणि मधेच जोडलेल्या बोअर आहेत. प्रत्येक प्रभागात वाहिनीच्या टोकाकडची घरे निवडून तिथे पाणी सुटल्यावर उरलेला क्लोरीन दाखवणारी ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी घ्यावी. मानकाप्रमाणे तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेले असले पाहिजे. ठरावीक काळाने तिथलेच नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा अन्य शासकीय प्रयोगशाळेत पाठवून काठिण्य, विरघळलेले एकूण क्षार, नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणू तपासावेत. नायट्रेट मुद्दाम लिहिले आहे. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून तिला मानकात कसलीही सवलत नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्या बाळांना त्याचा धोका असतो आणि चवीवरून ते ओळखता येत नाही.

हे निकाल प्रभागवार, तारखेसह, नगर परिषदेच्या फलकावर आणि पाणीपट्टीच्या बिलावर मराठीत छापावेत. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या चौथ्या कलमाने अशी माहिती कोणी न मागताच देणे अपेक्षित आहे. आज कोणत्या भागाला धरणाचे, कोणत्या भागाला बोअरचे आणि कोणत्या भागाला मिसळलेले पाणी आहे, हे पाणी सोडण्याआधी घंटागाडीवरून सांगितले, तरी घरातली बाई त्या दिवशीचे पिण्याचे पाणी कधी भरायचे ते ठरवू शकेल.

दुसरी मागणी मिश्रणाची. आम्ही कोट्यवधींचा क्षार काढण्याचा प्रकल्प मागत नाही. बोअरचे पाणी थेट वाहिनीत सोडणे बंद करावे, ते संपात (साठवण टाकीत) आणावे, धरणाच्या पाण्यात मोजून मिसळावे आणि क्लोरीन देऊनच पुढे सोडावे. धरणाच्या पाण्याचे काठिण्य १५० आणि बोअरचे ७०० धरले, तर निम्मे-निम्मे मिसळल्यावर ४२५ येते. चार भाग धरण आणि एक भाग बोअर घेतले, तर २६० येते. हे साधे त्रैराशिक आहे. पण त्यासाठी प्रत्येक बोअरचे काठिण्य माहीत हवे, आणि कोणती बोअर किती वेळ चालली याची नोंद हवी. मानकात न बसणारे नायट्रेट किंवा फ्लोराइड ज्या बोअरमध्ये सापडेल, ती पिण्याच्या वाहिनीपासून कायमची तोडावी. तिचे पाणी बांधकामाला आणि बागांना द्यावे.

वॉटर एटीएमवर नवा खर्च करू नये. जो पैसा नळ सुधारू शकतो, तो नळाला पर्याय उभारण्यात घालू नये, असे आमचे ठाम मत आहे. जार विकणाऱ्यांच्या पाण्याचीही नियमित तपासणी व्हावी आणि निकाल त्याच फलकावर लागावेत.

पाणी आठवड्यातून एखाद-दोन वेळा येते, याचाही शुद्धतेशी थेट संबंध आहे. रिकाम्या वाहिनीत दाब उरत नाही. गळक्या जोडातून बाहेरचे पाणी आत शिरते आणि नळाला मोटार लावली की ते जोराने ओढले जाते. त्यामुळे गळती शोधून बुजवण्याचा प्रभागवार कार्यक्रम जाहीर करावा आणि थेट नळाला मोटार लावणाऱ्यांवर कारवाई करावी. यात आमच्या सभासदांनाही सूट नको. कराडजवळच्या मलकापूरने लहान नगरपंचायत असताना मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. ओडिशातल्या पुरीत २०२१ पासून थेट नळाचे पाणी पिण्याची योजना सुरू आहे. लहान गावाला हे झेपत नाही, असे यापुढे कोणी सांगू नये.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. टंचाईत पाण्याचे प्रमाण कमी होईल, हे आम्ही समजून घेऊ. पण टंचाईच्या नावाखाली पाण्यात काय आहे हे लपवणे आम्हाला मान्य नाही. महाराष्ट्र नगर परिषद अधिनियम, १९६५ प्रमाणे पाणीपुरवठा हे आपले बंधनकारक कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात प्रदूषणमुक्त पाणी जगण्याच्या मूलभूत हक्कात धरले आहे.

नळावरची ओटी चाचणी आणि फलकावर निकाल लावणे, या दोन गोष्टींना ना मोठा निधी लागतो ना शासनाची मंजुरी. त्या येत्या पंधरवड्यात सुरू कराव्यात. बोअरच्या पाण्याच्या तपासणीचा आणि मिश्रणाचा आराखडा उन्हाळ्यापूर्वी सर्वसाधारण सभेसमोर ठेवावा आणि त्या सभेत आमच्या प्रतिनिधींना म्हणणे मांडू द्यावे. नमुने घेताना हजर राहायला प्रत्येक प्रभागातून आमचे स्वयंसेवक येतील. त्यांची यादी सोबत जोडली आहे.

आपले,
शहरातील नळजोडणीधारकांच्या संघटनेचे पदाधिकारी व सभासद